जाळ्यात न सापडलेला समुद्र

१९४२ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळच्या समुद्रात काही भौतिकशास्त्रज्ञ पाण्यातल्या आवाजाचा अभ्यास करत होते. शत्रूची पाणबुडी हुडकायची तर पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा, ही सोनारची रीत. तिथला तळ खूप खोल होता, तो किती खोल हेही माहीत होतं. तरीही साधारण तीनशे मीटरवरूनच प्रतिध्वनी येत राहिला. तिथं पाणबुडी नव्हती, खडकही नव्हता. मैलोगणती पसरलेला कसला तरी थर होता आणि त्यावर आदळून आवाज माघारी फिरत होता. पुढे लक्षात आलं, की हा थर एका जागी राहत नाही. दिवस मावळला की वर चढतो, उजाडायच्या आत पुन्हा खाली जातो. १९४५ मध्ये स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टिन जॉन्सन यांनी रात्रंदिवस त्याचा माग काढला आणि उलगडा केला: हे प्राणी आहेत. दिवसभर काळोखात दडून राहणारे आणि रात्री वरच्या पाण्यात चरायला येणारे.

कोणते प्राणी, हे मात्र ठरेना. जाळी सोडली तर त्यात क्रिल येत, कोळंब्या येत, थोडे बारके मासे येत. आवाज इतक्या जोरानं परतवायला शरीरात हवेचा बुडबुडा असलेलं काहीतरी हवं होतं, तेही भरपूर संख्येनं. तसं काही जाळ्यात पुरेसं येत नव्हतं. वीसेक वर्षं या थराबद्दल निबंध लिहिले गेले, वाद झाले, नकाशे निघाले. उत्तर मिळालं ते एक माणूस काचेला डोळा लावून त्या थरात उतरला तेव्हा.

त्याचं नाव एरिक बारहॅम. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला हा जीवशास्त्रज्ञ. तो उतरला ते ‘त्रिएस्त’ नावाच्या यानातून. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श या दोघांना घेऊन चॅलेंजर डीपच्या, म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत खोल ज्ञात जागेच्या तळाशी गेलेलं हेच ते यान. त्या विक्रमाची छायाचित्रं पाठ्यपुस्तकांत असतात. बारहॅमच्या बुड्या त्यामानानं उथळ, काही शे मीटरांच्या, आणि त्या कुणाच्या फारशा स्मरणात नाहीत. मला विचाराल तर समुद्राबद्दल जास्त काही शिकवलं ते या उथळ बुड्यांनी. सोनार जिथं थर दाखवत होतं त्याच खोलीवर बारहॅमला खिडकीतून सायफोनोफोर दिसले, दाटीवाटीनं लोंबकळत असलेले. १९६३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यानं हे मांडलं.

सायफोनोफोर हा शब्द अनोळखी असला तरी त्यांच्यातला एक आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात जुहूला, गिरगावला वाळूवर निळे फुगे येऊन पडतात. त्यांना ब्लू बॉटल म्हणतात आणि ते चावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बातमीत त्यांना जेलीफिश म्हटलेलं असतं, पण ते जेलीफिश नव्हेत. एका फुग्याखाली अनेक छोट्या घटक-जीवांची वसाहत असते. कुणी शिकार करतं, कुणी पचवतं, कुणी पुढची पिढी घडवतं, आणि सगळे एकमेकांना कायमचे जोडलेले. बारहॅमनं पाहिलेला नॅनोमिया हा त्यांचाच खोल पाण्यातला नातलग. टोकाला वायूचा इवलासा फुगा, त्याखाली पोहायच्या पारदर्शक घंटांची उतरंड आणि मागे गळांसारख्या धाग्यांची लांब शेपटी. तो बुडबुडाच सोनारला गंडवत होता. पुढच्याच वर्षी बारहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातला वायू तपासला. तो निघाला कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर माणसाचा जीव घेणारा वायू हा नाजूक प्राणी आपल्या अंगात तयार करतो आणि त्याच्या आधारावर तरंगतो.

पुढे बारहॅम कुस्तोच्या ‘डायव्हिंग सॉसर’मधूनही उतरला. बशीच्या आकाराची ती दोन माणसांची छोटी पाणबुडी. तिच्यात पोटावर पालथं पडून बाहेर बघावं लागे. त्या बुड्यांत त्याला कंदीलमासे दिसले, काही डोकं वर तर काही डोकं खाली करून उभे, हालचाल न करता जणू झोपलेले. थराचा दुसरा हिस्सेदार सापडला. जाळ्यात आलेला कंदीलमासा मेलेला आणि खवलं निघालेला असतो. तो दिवसा असा उभा राहतो हे त्या कलेवरावरून कुणाला कळणार?

*

जाळ्याची बाजूही नीट मांडायला हवी. प्राणिप्लवक म्हणजे प्रवाहाला तोंड देण्याइतकं बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहणारे प्राणी. त्यांचं जवळजवळ सगळं शास्त्र जाळ्यावर उभं आहे. डार्विननं १८३२ मध्ये ‘बीगल’वरून कापडी पिशवी ओढून हे जीव पकडले आणि त्यांच्या रंगांनी तो हरखून गेला. पुढे जर्मनीत व्हिक्टर हेन्सननं ठरावीक मापाची जाळी ठरावीक खोलीवरून ओढून मोजणीची शिस्त आणली. कोपेपॉडसारखे टणक कवचाचे, तांदळाच्या कणीहून लहान जीव जाळ्यात धडपणे येतात. जगातल्या बहुतेक प्लवकांच्या नमुन्यांत त्यांचीच संख्या सर्वांत जास्त भरते. आपल्याकडचा जवळाही याच दुनियेतला. पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात येणारा आणि ऊन दाखवून वर्षभर पुरवला जाणारा जवळा म्हणजे असेटिस नावाची, प्लवकांतच गणली जाणारी इवली कोळंबी. तिला पकडायला जाळ्याइतकं चांगलं साधन नाही, हे कोळ्यांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

अडचण येते ती मऊ प्राण्यांशी. ज्यांच्या शरीरात पाण्याशिवाय फारसं काही नाही, ज्यांनी आयुष्यात कधी कडा, भिंत किंवा तळ पाहिलेला नाही, ते जाळ्याच्या विणीवर आपटले की फाटतात. नॅनोमियाच्या घंटा सुट्या होतात, फुगा वेगळा पडतो. कंकतधर, म्हणजे अंगावर केसाळ कंगव्यांच्या आठ ओळी असलेले पारदर्शक प्राणी, वर येईपर्यंत गढूळ चिकट द्रव होतात. फॉर्मॅलिनमध्ये घातले तर त्यांतले कितीतरी विरघळून जातात. बाटलीत उरतात ते कोपेपॉड. म्हणून पुस्तकातला समुद्र कोपेपॉडांचा झाला.

जाळं आणखी एक गोष्ट पुसून टाकतं आणि मला ती जास्त गंभीर वाटते. दोनशे मीटरांपासून वरपर्यंत ओढलेल्या जाळ्यात वाटेतले सगळे एकत्र कालवले जातात. कोण कोणाच्या शेजारी होतं, कोण उभं, कोण आडवं, कोण कोणाला खात होतं, पातळ थरात गर्दी होती की सगळीकडे सारखी विरळ वस्ती, यातलं काहीच उरत नाही. यादी हाती लागते, पण त्या जिवांचं जगणं दिसत नाही.

*

पाण्यात उतरूनच पाहायचं, हा ध्यास प्रथम ज्यानं प्रत्यक्षात आणला तो विल्यम बीबी. न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्र संस्थेतला हा निसर्गअभ्यासक बर्म्युडातल्या नॉनसच बेटावर तळ ठोकून होता आणि एकाच वर्तुळातल्या समुद्रात त्यानं वर्षानुवर्षं जाळी ओढली होती. १९३० ते १९३४ या काळात, अभियंता ओटिस बार्टनबरोबर, तो त्याच समुद्रात पोलादी गोळ्यात बसून उतरला. गोळ्याचा व्यास जेमतेम दीड मीटर, खिडक्या वितळवलेल्या क्वार्ट्झच्या, आणि वर जहाजाशी जोडणारी एकच पोलादी तार. आत प्राणवायूच्या टाक्या, कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा शोषणाऱ्या रसायनांचे ट्रे, आणि हवा खेळती ठेवायला ताडाच्या पानांचे पंखे. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला ग्लोरिया हॉलिस्टर ही संशोधक बसलेली असे. बीबी खिडकीतून जे दिसेल ते बोलत जाई, ती खोली आणि वेळ टाकून लिहून घेई. त्या नोंदींवरून एल्स बोस्टेलमान ही चित्रकार चित्रं काढी. १५ ऑगस्ट १९३४ रोजी ते ९२३ मीटरपर्यंत गेले. इतक्या खोल जाऊन जिवंत समुद्र तोवर कुणीही पाहिला नव्हता.

बीबीनं पाहिलं, की वर्षानुवर्षं ओढलेल्या जाळ्यांवरून वाटलं होतं त्यापेक्षा तिथं कितीतरी जास्त जीव आहेत आणि ते मोठेही आहेत. कोळंब्या अंगातून उजेडाचा ढग सोडून पळतात, हे त्यानं पाहिलं. लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो आणि शेवटी शब्दांत न मावणारा निळा उरतो, हे त्यानं मीटरामीटरानं नोंदवलं. त्यानं काही माशांना केवळ डोळ्यांनी पाहून नावं दिली. त्यांतला बॅथीस्फेरा इन्टॅक्टा हा उजेडाच्या ठिपक्यांची रांग असलेला लांब मासा त्यानंतर कुणालाही सापडलेला नाही. मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली आणि ती योग्यच होती. हाती नमुना नाही, छायाचित्र नाही, तर नाव कशाला द्यायचं? पण त्या टीकेच्या भरात बीबीचं मुख्य म्हणणं बाजूला पडलं. जाळ्यातला समुद्र आणि खरा समुद्र वेगळे आहेत, हे तो सांगत होता. पुढची तीसेक वर्षं ते फार थोड्यांनी मनावर घेतलं.

मनावर घेतलं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही पाणबुडीविना. विल्यम हॅमनर आणि त्याचे तरुण विद्यार्थी बहामातल्या बिमिनी बेटाजवळ गल्फ स्ट्रीमच्या निळ्या पाण्यात स्कूबा लावून उतरू लागले. खाली शेकडो मीटर पाणी. तळ दिसत नाही, दिशा कळत नाही, म्हणून सगळे एका दोरीला बांधलेले आणि मध्ये एक जण फक्त पहारा ठेवणारा. त्या गटातून निघालेल्या शोधांची यादी आजही चकित करते. रोनाल्ड गिल्मर यांनी दाखवलं, की ग्लीबा नावाची बोटभर आकाराची समुद्री गोगलगाय दोन मीटर रुंदीचं श्लेष्माचं जाळं पसरून त्याखाली स्तब्ध लटकते आणि त्यात अडकलेलं अन्न ओढून घेते. जरा धक्का लागला की जाळं टाकून निघून जाते. शास्त्रज्ञांच्या जाळ्यात ही गोगलगाय पूर्वीही येत होती, पण तिचं स्वतःचं जाळं कधीच आलं नव्हतं. ॲलिस ऑल्ड्रेज यांनी लार्वेशियन या जिवांनी टाकून दिलेली घरं पाहिली. त्यांच्याकडे पुढे वळूच. पण स्कूबाची मर्यादा तीसेक मीटरांची. खरा अंधार त्याच्या खाली सुरू होतो.

*

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, डोंगरांच्या कुशीत आत घुसलेल्या खोल खाड्या आहेत. जॉर्ज मॅकी आणि क्लॉडिया मिल्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं ‘पायसीस-४’ या तीन माणसांच्या पाणबुडीतून प्राणिप्लवकांचा अभ्यास केला. ही पाणबुडी व्हँकुव्हरमध्ये सोव्हिएत संघासाठी बांधली होती, पण निर्यातीला परवानगी मिळाली नाही आणि ती कॅनडा सरकारकडे राहिली. शीतयुद्धातल्या त्या नकारामुळे जेलीफिशच्या अभ्यासकांचं भलं झालं.

त्यांच्या कामाची रीत सोपी, पण शिकायला वेळ घेणारी. पाणबुडीचं वजन असं जुळवायचं, की ती वरही जाणार नाही आणि खालीही जाणार नाही. मग मोटारी बंद. पाणबुडी आजूबाजूच्या पाण्याबरोबर वाहू लागते, म्हणजे तीही एक प्लवक होते. थोड्या वेळानं ढवळलेलं पाणी शांत होतं आणि खिडकीसमोर प्राणी आपापल्या उद्योगाला लागलेले दिसतात. सायफोनोफोर शेपटी लांब पसरून, गळ सोडून स्थिर होतो. काही वेळ वाट पाहून सगळं आवरतो, थोडं पोहतो, पुन्हा पसरतो. सॉल्मिसस ही बशीसारखी जेली उलट वागते. भूमध्य समुद्रात फ्रेंच पाणबुडी ‘सिआना’मधून मिल्स आणि झाकलीन गोय यांनी तिचं निरीक्षण केलं तेव्हा ती सतत पोहताना दिसली, शुंडक कडांच्या वर ताणून धरलेले. वाटेत येणारे इतर जेलीसारखे मऊ प्राणी हेच तिचं खाणं. जाळ्यातून आलेल्या सॉल्मिससचे शुंडक तुटलेले असत, त्यामुळे ती शिकार कशी करते हे सांगताच येत नव्हतं.

ब्रिटिश कोलंबियातल्या सानिच इनलेट या खाडीचं एक वैशिष्ट्य आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. तिच्या तोंडाशी उंचवटा असल्यानं तळाचं पाणी बदलत नाही आणि त्यातला प्राणवायू संपून जातो. दिवसा क्रिलचा दाट थर या प्राणवायूहीन पाण्याच्या अगदी माथ्यावर येऊन थांबतो. भक्षकांपासून जितकं खाली जाता येईल तितकं जायचं, पण श्वास मिळेल तिथपर्यंतच. अरबी समुद्राची गोष्ट निघेल तेव्हा हा क्रिल आठवावा.

याच सुमाराच्या आगेमागे अटलांटिकमध्ये ‘ॲल्विन’ या प्रसिद्ध पाणबुडीतून लॅरी मेडिन आणि रिचर्ड हार्बिसन खोल पाण्यातले कंकतधर पाहत होते. त्यांतला एक इतका नाजूक, की कुठल्याही जाळ्यात कधी सापडलेलाच नव्हता. त्याचा नमुना मिळाला तो ॲल्विनचे चालक डडली फॉस्टर यांच्या कौशल्यामुळे. १९७८ मध्ये त्या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा त्याला नाव दिलं बॅथोसायरोई फोस्टेराय. शास्त्रात प्राण्यांना राजांची, देणगीदारांची, गुरूंची नावं दिली जातात. इथं ते चालकाला मिळालं, आणि अगदी योग्य माणसाला मिळालं.

*

प्लवकांसाठी मनासारखी पाणबुडी शेवटी फ्लोरिडात घडली. एडविन लिंक या संशोधक-उद्योजकानं आणि सीवर्ड जॉन्सन या धनिकानं मिळून १९७१ मध्ये ‘जॉन्सन-सी-लिंक’ उतरवली. तिचा पुढचा भाग म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिकचा जाड गोळा. त्यात चालक आणि शास्त्रज्ञ शेजारी शेजारी बसत आणि चहूकडे पाणी दिसे. बीबीची वितीएवढी खिडकी कुठं आणि हे कुठं! पण हे काम जिवावरचं होतं, हेही याच पाणबुडीनं दाखवलं. १९७३ च्या जूनमध्ये ती की वेस्टजवळ एका बुडालेल्या जहाजाच्या तारांत अडकली आणि मागच्या कक्षातले दोघं दगावले. त्यांतला एक लिंकचा स्वतःचा मुलगा होता. लिंकनं काम सोडलं नाही. अडकलेल्या पाणबुड्या सोडवायचं साधन बनवण्यात तो गुंतला.

हार्बर ब्रँच संस्थेतल्या मार्श यंगब्लथ यांनी या पाणबुडीला प्लवकशास्त्राचं साधन बनवलं. समोरच्या बाजूला ॲक्रिलिकची उघडी नळकांडी बसवली. प्राणी दिसला की चालक पाणबुडी इतक्या हळू पुढे नेई, की प्राणी नळकांड्यात अलगद येई आणि दोन्ही झाकणं सरकून बंद होत. जाळं नाही, ओढाताण नाही. जो जीव समोर पाहिला तोच, त्याच्या भोवतीच्या पाण्यासह, जिवंत वर. बीबीवर झालेल्या टीकेचं उत्तर अखेर मिळालं होतं.

उजेडाचं जग याच पाणबुडीतून उलगडलं. एडिथ विडर यांनी १९८४ मध्ये सांता बार्बराच्या समुद्रात ‘वॉस्प’ या चिलखतासारख्या सूटमधून पहिली खोल बुडी मारली आणि दिवे बंद केले. लांबच लांब सायफोनोफोर इतका उजेड सोडत होते, की सूटमधल्या मापकांवरचे आकडे दिव्याविना वाचता आले, असं त्या सांगतात. पुढे जॉन्सन-सी-लिंकच्या पुढ्यात त्यांनी मीटरभर व्यासाची जाळीदार चौकट लावली. पाणबुडी अंधारात हळूहळू पुढे जाई, जाळीवर आदळणारा प्रत्येक जीव चमकून उठे आणि संवेदनशील कॅमेरा ते टिपे. कोण किती वेळ, कशा आकारात चमकतं यावरून तो कोण हे ओळखता येऊ लागलं. त्या काळोखात प्राणी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत याचा नकाशा त्यांच्याच उजेडानं काढला.

*

आता त्या घरांकडे. लार्वेशियन हा शेपटी असलेला, बेडकाच्या पिल्लासारखा दिसणारा प्राणी. नात्यानं आपल्या पाठकणाधारी वंशाच्या जवळचा. बहुतेक जाती मिलिमीटरांत मोजाव्यात इतक्या लहान, पण बॅथोकॉर्डियस हा राक्षसी प्रकार काही सेंटिमीटरांचा असतो. डोक्यातून पाझरणाऱ्या श्लेष्मानं तो स्वतःभोवती घर रचतो. आतलं घर अतिशय बारीक, वळणावळणाच्या गाळण्यांचं. बाहेरचं ढोबळ, मीटरभर रुंदीचं. शेपटी हलवून तो पाणी आत खेचतो, घर ते गाळतं आणि कण तोंडाशी आणतं. गाळण्या तुंबल्या की घर टाकून तो बाहेर पडतो आणि नवं रचायला घेतो.

कार्ल शून या जर्मन शास्त्रज्ञानं ‘वाल्डिव्हिया’ मोहिमेतल्या जाळ्यात आलेला असा प्राणी १९०० साली वर्णन केला, तेव्हा त्यात घर नव्हतं. ते उरणंच शक्य नव्हतं. या मोठ्या घरांबद्दल १९७९ मध्ये लिहिलं ते पुन्हा एरिक बारहॅमनं, पाणबुड्यांतून पाहून. १९८५ मध्ये ब्रूस रॉबिसन यांनी ‘डीप रोव्हर’ ही एका माणसाची पारदर्शक पाणबुडी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेजवळच्या समुद्राखालच्या दरीत नेली. हॅमनरही त्या कामात होता. पाण्यात जिकडे तिकडे ही घरं दिसली, काही वसलेली, बरीचशी टाकलेली आणि तळाकडे निघालेली.

या घरांना महत्त्व आलं ते एका हिशेबामुळे. तळावरचे जीव जितकं खातात, तितकं अन्न वरून पडताना मोजलं जात नव्हतं. वरून पडणारं धरायला समुद्रात नरसाळ्यासारखे सापळे लावतात. टाकलेलं घर त्या सापळ्यावर आलं, की त्याचा चुरा होऊन ते ओळखू येईनासं होतं. रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये माँटेरेतल्या दहा वर्षांच्या निरीक्षणांवरून दाखवलं, की ही घरं दिवसाला शेकडो मीटर वेगानं खाली जातात आणि हिशेबातली तूट बरीचशी भरून काढतात. हवेतला कार्बन खोल समुद्रात पोचवणाऱ्या वाटांपैकी ही एक मोठी वाट. शंभर वर्षं जाळी ओढूनही ती दिसली नव्हती. २०१७ मध्ये काकानी कतिजा यांनी लेझरच्या पातळ पट्ट्यानं जिवंत घराच्या आतला प्रवाह मोजला. हा प्राणी तासाला ७६ लिटरपर्यंत पाणी गाळतो.

कतिजा यांचं उपकरण मात्र माणूस नसलेल्या, तारेनं जोडलेल्या यंत्रावर होतं. २००५ च्या कामातली बहुतेक निरीक्षणंही अशाच यंत्राची. डेव्हिड पॅकार्ड यांनी १९८७ मध्ये माँटेरेची समुद्रसंशोधन संस्था स्थापली आणि पुढच्या वर्षी ‘व्हेंटाना’ हे दूरनियंत्रित यान पाण्यात गेलं. ते तासन्‌तास खाली राहतं, कुणाचा जीव धोक्यात घालत नाही आणि प्रत्येक क्षण चित्रित करतं. जॉन्सन-सी-लिंक आता निवृत्त झाली आहे. मग माणसानं उतरावंच कशाला? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. मोजणी करायची, वर्षानुवर्षं त्याच जागी परत यायचं, तर यंत्रच पाठवावं. पण मी वर जे शोध सांगितले त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात कुणीतरी स्वतः खाली असण्यातून झाली. काय पाहायचं हे ठरलेलं नसताना, डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं म्हणून मान वळवणं, दिवे विझवून अंधाराला सरावणं, हे माणसाला जमतं. यंत्राला कुठं बघायचं हे आधी सांगावं लागतं, आणि ते सांगायला कुणीतरी आधी पाहून आलेलं असावं लागतं.

*

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच मापाचं प्रमाणित जाळं दोनशे मीटरांपासून वर ओढलं. ते नमुने निवडायला कोचीत केंद्र उभं राहिलं आणि या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोनापावलाला आहे. आपल्या समुद्रातल्या प्राणिप्लवकांबद्दल जे माहीत आहे त्याचा पाया हे काम आहे. पण ते दोनशे मीटरांपर्यंतचं आणि जाळ्याचं. अरबी समुद्रात तर त्या मर्यादेच्या जरा वरूनच जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायू-टंचाईच्या पट्ट्यांपैकी एक सुरू होतो, साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत. त्यात काही ठिकाणी प्राणवायू जवळजवळ शून्य. तरीही कंदीलमाशांचे प्रचंड थवे दिवसा त्यात जाऊन राहतात आणि रात्री वर येतात. सानिचचा क्रिल प्राणवायू संपतो त्या सीमेवर थांबतो. हे मासे सीमा ओलांडतात. आत ते कसे असतात, त्यांच्यासोबत कोणते मऊ प्राणी आहेत, हे पाहायला त्या पाण्यात डोळे हवेत.

ते डोळे आता मिळण्याच्या बेतात आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ४०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तिच्यातून ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसांची पाणबुडी घडवते आहे: २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, सहा हजार मीटरांची क्षमता, एका बुडीला बारा तास. २०२५ च्या सुरुवातीला कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी ‘नॉटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये चार आणि पाच हजार मीटरांपर्यंत बुड्या मारल्या.

या मोहिमेत सर्वाधिक चर्चा तळाची आहे. मध्य हिंदी महासागरात भारताला ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेल्या गोट्यांच्या शोधासाठी मिळाला आहे. गोटे वर काढायचे म्हणजे सोबत गाळ येणार आणि तो धुतलेलं गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडावं लागणार. ते मधल्या पाण्यात सोडलं, तर ज्यांचं सगळं आयुष्य पाणी गाळण्यावर चालतं त्यांच्या गाळण्यांत पहिल्यांदा तो गाळ जाणार. २०२० मध्ये जेफ्री ड्रेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा इशारा स्पष्ट शब्दांत दिला आहे. नुकसान झालं की नाही हे सांगायलाही आधीची नोंद लागते, आणि आपल्याकडे ती नाही.

मत्स्यच्या बुड्या आखणाऱ्यांना म्हणून एक मागणं आहे. तळाला जाताना आणि तिथून परतताना ही पाणबुडी मधल्या पाण्यातून जाणारच आहे. त्या वाटेवर, दोनशे ते हजार मीटरांच्या दरम्यान, प्रत्येक बुडीत एकदा तरी थांबावं, वीस मिनिटं मोटारी आणि दिवे बंद ठेवून बाहेर पाहावं आणि जे दिसेल ते खोली-वेळ टाकून नोंदवावं. पुढच्या बाजूला झाकणांची नळकांडी बसवावीत. काही बुड्या तर खनिजाच्या पट्ट्याऐवजी अरबी समुद्रात, गोवा-रत्नागिरीच्या पश्चिमेला माराव्यात आणि तिसऱ्या आसनावर दोनापावलाचा किंवा कोचीचा एखादा प्लवकतज्ज्ञ बसवावा. खनिज काढणारं पहिलं यंत्र पाण्यात उतरण्याआधी या नोंदी हाती असायला हव्यात, आणि त्यांची सुरुवात मत्स्यच्या पहिल्या खोल बुडीपासूनच करायला हवी.